जड मशीनला चाकं लावताना: जमीन, वजन आणि पाय

गावाकडचं वर्कशॉप म्हणजे आपल्याकडे बहुधा पंधरा बाय वीसचं टिनाचं शेड आणि पुढे मुरमाचं अंगण. मृगाच्या आधी वखर, डवरे, तिफणी, पेरणीयंत्रं येऊन पडतात. सोयाबीन निघायला लागलं की थ्रेशर, आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ट्रॉली आत घ्यायची तर ड्रिल मशीन भिंतीला न्यावं लागतं, आणि गेटचं काम आलं की तेच ड्रिल मधोमध हवं असतं. सुताराची अडचण त्याहून मोठी. दहा फुटांची फळी रंधा मशीनमधून काढायची तर मशीनच्या पुढे दहा आणि मागे दहा फूट रिकामं लागतं. म्हणजे मशीन शेडाच्या बरोबर मध्ये, आणि संध्याकाळी मोटारसायकलही तिथेच ठेवायची असते.

मग चाकं लावायचं ठरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं बोलणं साधारण असं:

“भाऊ, चार चाकं द्या. जडवाली.”

“मशीनचं वजन किती हाय जी?”

“असन दोन-अडीच क्विंटल.”

“मंग हे घेऊन जा, हे चालते.”

वजन अंदाजपंचे, जमिनीची चौकशीच नाही, आणि मशीन चालू असताना ते चाकांवर उभं राहणार की आणखी कशावर, हा प्रश्न तर निघतच नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे. चाकं असतात मशीन हलवायला. काम सुरू असताना वजन पायांवर असावं आणि चाकं जमिनीपासून सुटलेली असावीत. एवढं आधी ठरवून टाकलं की चाकांची निवड सोपी होते, चाकं टिकतात, आणि ब्रेकच्या भरवशावर आरा चालवायची वेळ येत नाही.

आधी जमीन बघा

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मुरमाचा पुरेसा भराव न टाकता केलेला कोबा दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो, आणि नुसता तडकून थांबत नाही. तड्याची एक बाजू वर येते. तड्यावरून आडवं बोट फिरवलं की पायरी लागते, आणि ती पायरी मोजायची असते. पोलादी फूटपट्टी उभी धरा आणि मशीन ज्या वाटेने जाणार त्या वाटेवरची सगळ्यात उंच पायरी लिहून ठेवा. पाच मिलिमीटर, दहा, पंधरा, जे असेल ते. शहाबादी फरशी असेल तर सांध्यांची रुंदी मोजा आणि फरशी पायाने ठोकून पाहा. पोकळ वाजली तर तिच्यावरून जड मशीन नेऊ नका, कोपरा मोडणारच.

दुसरी गोष्ट ढाळ. धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून गवंडी कोब्याला ढाळ देतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. जुन्या बेअरिंगमधला एक छर्रा जमिनीवर ठेवा, तो कुठे पळतो ते बघा. नेमका ढाळ हवा असेल तर लेव्हल पाइपने तीन मीटर अंतरावर दोन खुणा घ्या. पाच सेंटिमीटरचा फरक निघाला तर ढाळ साठात एक. अशा जमिनीवर 340 किलोचं मशीन स्वतःच्या वजनानेच खालच्या बाजूला साडेपाच किलोच्या जोराने ओढलं जातं. चाक चांगलं, हलकं फिरणारं असेल तर खालच्या बाजूला ते अगदी थोड्या जोरानेही चालत राहतं.

तिसरी गोष्ट, मशीन अंगणात काढायचं आहे का? शेडातल्या कोब्यासाठी उत्तम असलेलं चार इंची चाक मुरमात रुतून बसतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. अंगण आणि शेड दोन्हीसाठी एकच चाक शोधत बसण्यापेक्षा अंगणात जायचीच वेळ येणार नाही अशी मांडणी करणं बरं. जायचंच असेल तर आठ-दहा इंची, रुंद टायरची हवेची किंवा भरीव रबराची चाकं लागतात, आणि ती वेल्डिंग मशीन किंवा कॉम्प्रेसरसारख्या ठेंगण्या वस्तूंनाच शोभतात.

वजन: अंदाज नको

मशीनच्या पाटीवर वजन लिहिलेलं असेल तर उत्तम, पण जुन्या मशीनची पाटी बहुधा रंगाखाली गेलेली असते किंवा नसतेच. जिनिंगच्या वजनकाट्यावर बंडी किंवा ट्रॉली भरून एकदा आणि रिकामी एकदा नेली तर ढोबळ वजन कळतं, पण तो काटा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्यात बोलतो. अडत्याकडचा धान्य मोजायचा प्लॅटफॉर्म काटा जास्त कामाचा. मशीनच्या एका बाजूचे पाय काट्यावर घ्या आणि दुसऱ्या बाजूचे तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर. आकडा लिहा. मग बाजू बदला. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण वजन, आणि कोणती बाजू किती जड हेही त्यातच मिळतं. ही दुसरी माहिती पुढे चाकांची जागा ठरवताना लागते.

समजा सुताराचं रंधा आणि आरा एकत्र असलेलं मशीन आहे. मोटारीकडची बाजू 170 किलो, दुसरी 110, एकूण 280. चाकांची लोखंडी चौकट 35 किलोची होईल. मशीनवर ठेवलेली फळी, पाती, पाने मिळून 25 धरा. झाले 340.

आता हे चाराने भागायचं नाही. वरखाली जमिनीवर चारपैकी एक चाक हमखास अधांतरी राहतं आणि सगळं वजन तिघांवर येतं. म्हणून 340 भागिले 3, म्हणजे 113 किलो. तड्याच्या पायरीवरून चाक उतरतं तेव्हा दणका बसतो, त्यासाठी निम्मे आणखी धरा. 170 झाले. म्हणजे प्रत्येकी 200 किलोची खूण असलेली चाकं घ्यायची. चाकावर लिहिलेली क्षमता सपाट जमिनीवर, पायी चालण्याच्या वेगाला धरलेली असते. टिनाच्या शेडात मे महिन्यात काय तापतं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या उष्णतेत रबर व प्लास्टिक नरम पडतं. तेव्हा आकड्याच्या काठावरचं चाक घेऊ नका.

चाक केवढं

इथे बहुतेक जण वजनावरून आकार ठरवतात. दोन इंची चाकही भरपूर वजन पेलतं, मग चार इंची कशाला? कारण आहे तड्यातली पायरी. पायरीवर चढताना चाकाला जो धक्का द्यावा लागतो तो चाकाच्या आकारावर ठरतो. एका चाकावर 85 किलो आहेत आणि पुढे 10 मिलिमीटरची पायरी आहे, असं धरून हिशेब केला तर असं दिसतं:

दोन इंची चाकाला सुमारे 113 किलोचा जोर लागतो. चार इंचीला सुमारे 64. सहा इंचीला 49.

पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी पायरीला लागली तर आकडे दुप्पट. म्हणजे दोन इंची चाकांवरचं मशीन अशा तड्यापाशी ढकललं जाणारच नाही, ते उचलावं लागेल. किंवा वरून जोर लावला तर पुढे कलंडेल. चार इंचीला दोन गडी लागतील. मशीन तिरपं नेऊन एकेक चाक पायरीवर घेतलं तर जोर निम्मा होतो, पण शेडात तेवढी जागा असेल तर ना!

म्हणून साधा हिशेब असा: नवा, एकसंध कोबा असेल तर चार इंची. तडे आणि उघडे सांधे असतील तर पाच किंवा सहा इंची. तीन इंचीच्या खाली जड मशीनसाठी जाऊच नका, दुकानदार कितीही पेलते म्हणाला तरी. आणि चाक मोठं करण्याआधी सिमेंटचा एक घमेला कालवून तडे भरून घ्या. वीस रुपयांच्या सिमेंटने वाचतं तिथे सहा इंची चाकाचे पैसे कशाला घालायचे?

सपाट कोब्यावर चांगलं कठीण चाक चालतं ठेवायला वजनाच्या दोन-तीन टक्के जोर पुरतो. 340 किलोला सात ते दहा किलो. सुरुवातीचा धक्का मात्र त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. मऊ रबराला याहून बराच अधिक.

कशाचं चाक

नायलॉन कठीण असतं, हलकं चालतं, तेल-डिझेलने बिघडत नाही. आवाज करतं. शहाबादीच्या कडा उडवतं. वेल्डिंगचे तुषार पडले की त्याला बारीक खड्डे पडतात, पण ते चालत राहतं. फॅब्रिकेशनच्या शेडात कोबा असेल तर माझी पसंती यालाच.

पीयू म्हणजे लोखंडी किंवा नायलॉनच्या गाभ्यावर पॉलियुरेथेनचं कडं. चालताना आवाज कमी, फरशी सांभाळली जाते, सुताराच्या शेडासाठी सगळ्यात चांगलं. पण ड्रिलखालचा लोखंडी बुरा त्यात रुततो आणि मग चाक फरशीवर रेघोट्या ओढत जातं. तापलेला तुषार पडला की जळतं. हलक्या प्रतीचं कडं गाभ्यापासून सुटतं, आणि काही प्रकार वर्षानुवर्षं दमट जागी राहिले की भुसभुशीत होऊन तुकड्यांनी गळतात. घेताना नख रोवून आणि कडेला अंगठ्याने दाबून गाभा आणि कडं यांचा जोड बघा.

रबर मऊ, धक्का खाणारं, पण ढकलायला जड. एकाच जागी महिनोन्महिने वजनाखाली राहिलं की खालून चपटं होतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला धडधडतं. डिझेल-ग्रीस सांडत असेल तिथे साधं रबर फुगतं. अंगणात फिरणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा.

बिडाचं चाक तापल्या लोखंडाला भीत नाही. भट्टीशेजारच्या टेबलाला तेच हवं. जमीन मात्र फोडतं, आणि आपल्या पावसाळ्यात आसाला ग्रीस दिलं नाही तर दसऱ्यापर्यंत जाम होतं.

सुताराच्या आणि वेल्डरच्या मधला प्रकार, म्हणजे एकाच शेडात दोन्ही कामं, बऱ्याच गावांत असतो. तिथे नायलॉन घ्या आणि मशीनच्या वाटेवर 3 मिलिमीटरची लोखंडी चादर अंथरा. तडेही झाकले जातात.

नागपूरच्या इतवारीत, अकोल्यात किंवा अमरावतीला चाकं घ्यायला जाल तेव्हा हातात घेऊन बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. वरची पाटी एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने काटा, म्हणजे चाक धरणारा पत्र्याचा भाग, हलवून बघा. फिरताना गुळगुळीत फिरावा, पण वरखाली खडखड नको. मधल्या पिनेभोवती छर्र्यांच्या दोन ओळी आहेत का विचारा, दुकानात त्याला डबल बॉल बेअरिंग म्हणतात. जड मशीनला एका ओळीचं घेऊ नका. काट्याचा पत्रा 3 मिलिमीटरपेक्षा पातळ नसावा. आस रिबीट मारलेला नसून नट-बोल्टचा असावा, म्हणजे पुढे खोलता येतो. बेअरिंग दोन्ही बाजूंनी झाकलेलं असेल तर उत्तम. आपल्याकडे धुळीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे रुई आणि सुतळी. बारदान्याचे धागे, कापसाची रुई आसाभोवती गुंडाळली जाऊन आत इतकी घट्ट बसते की चाक फिरायचं थांबून घासत जातं. धागा आत जाऊ नये म्हणून बाजूला चकती असलेली चाकं मिळतात, ती घ्या.

फिरती आणि सरळ चाकं एकाच मालिकेतली घ्या. वेगळ्या कंपनीची मिसळली तर उंचीत दोन-चार मिलिमीटरचा फरक येतो आणि मशीन कायम डुगडुगतं. भंगारात दवाखान्याच्या खाटेची किंवा कारखान्याच्या ट्रॉलीची चाकं छान मिळतात. चारही एकसारखी असतील तरच उचला. नवी घेतलीत तर एक जास्तीचं घेऊन ठेवा. दोन वर्षांनी त्याच उंचीचं चाक मिळेल याचा नेम नाही.

फिरतं की सरळ

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची चारही चाकं सरळ असतात. पोरं दोरी धरून सरळ रस्त्यावर मजेत ओढतात, आणि कोपरा आला की नंदी उचलून वळवतात. मशीन उचलता येत नाही म्हणून निदान दोन चाकं फिरती लागतात.

दोन सरळ, दोन फिरती ही जोडणी लांब आणि सरळ वाटेसाठी चांगली. सरळ चाकं जड बाजूला लावा आणि फिरती चाकं ढकलणाऱ्याच्या बाजूला; मग मागून दिशा देता येते आणि मशीन ढाळावर तिरकं पळत नाही. चारही फिरती लावली तर मशीन आडवंही सरकतं, भिंतीत चिकटवून ठेवता येतं. पंधरा बाय वीसच्या शेडात बहुधा हेच लागतं. पण ढाळ साठात एकपेक्षा जास्त असेल तर चारही फिरत्या चाकांचं मशीन सरळ नेणं एकट्याचं काम नाही.

तीन चाकं डुगडुगत नाहीत हे खरं. पण तिथे मशीनचा टेकू त्रिकोणी होतो आणि मोकळ्या कोपऱ्याकडे ते चटकन कलंडतं. तेलाच्या पिंपाला चालेल, मशीनला नको.

फिरत्या चाकाची एक खोड लक्षात ठेवा. त्याचा जमिनीवरचा टेकू वरच्या पिनेच्या बरोबर खाली नसतो. चार इंची चाकात तो तीन-चार सेंटिमीटर बाजूला असतो. दिशा बदलली की चाक गर्रकन मागे फिरतं आणि टेकू आत येतो. उभ्या ड्रिल मशीनचं बूड 40 सेंटिमीटर रुंद आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून 90 सेंटिमीटर वर आहे, असं धरा. चाकं बुडाच्या कोपऱ्याखालीच लावली तर साडेबारा अंश कललं की ते पडतं. दोन्ही बाजूंची चाकं आत वळलेली असतील तर दहा अंशालाच. आणि चालत्या मशीनचं पुढचं चाक तड्यात अडकलं की एवढा कल सहज येतो. म्हणून उंच मशीनची चाकं बुडाखाली लावायची नसतात, बाहेर काढलेल्या कानांवर लावायची असतात. हलवायच्या आधी ड्रिलचं टेबल आणि जमत असेल तर डोकंही खाली उतरवून घट्ट करायचं.

पाय

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि दुकानात यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

ब्रेकचं चाक दोन प्रकारचं. एकात फक्त चाक थांबतं, काटा फिरतच राहतो. दुसऱ्यात दोन्ही थांबतात. दुसरा प्रकार चांगला, पण तरीही पिनेच्या छर्र्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. फळी रंध्यात ढकलताना मशीन ती ढिलाई खात पुढेमागे हलतं, आणि पात्याजवळ हात असताना ते हलणं अजिबात नको. तेलकट जमिनीवर ब्रेक लावलेलं नायलॉनचं चाक न फिरताच घसरतं. ब्रेकची चाकं ढकलणाऱ्याच्या बाजूला दोन असावीत, पण त्यांचं काम मशीन थोडा वेळ थांबवून ठेवण्यापुरतंच.

पाय बनवायचे ते 16 मिलिमीटरच्या बोल्टचे. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना 8 मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे कान काढा, त्यात भोक पाडून वर 16 चा नट वेल्ड करा. एकाऐवजी दोन नट एकावर एक ठेवले तर आटे जास्त धरतात. वेल्ड करताना आत बोल्ट घालून ठेवा म्हणजे दोन्हीचे आटे जुळतात. चकाकणारा, जस्ताचा मुलामा दिलेला नट वेल्ड करू नका. त्याच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काळा नट घ्या. पूर्ण आट्यांचा 100 मिलिमीटरचा बोल्ट वरून खाली उतरवा, डोकं वर. खालच्या टोकाला 60 बाय 60 ची 8 मिलिमीटरची टिकली. तिच्यात ड्रिलने अर्धवट खळगा पाडा म्हणजे बोल्टचं टोक त्यात बसून फिरतं आणि टिकली जमिनीवर स्थिर राहते. टिकलीखाली जाड रबर. वणी-चंद्रपूरकडच्या भंगारात जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा सापडला तर त्याहून चांगलं काही नाही.

या बोल्टचा आटा 2 मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला मशीन 2 मिलिमीटर उचललं जातं. हलवताना टिकल्या वाटेतल्या सगळ्यात उंच पायरीपेक्षा वर ठेवा, तड्याला लागता कामा नयेत. जागेवर आलं की आधी चारही टिकल्या जमिनीला टेकवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने दोन-दोन फेरे द्या. चाक हाताने मोकळं फिरायला लागलं की झालं. वर स्पिरिट लेव्हल ठेवून राहिलेला फरक काढा. वरखाली जमिनीवर मशीन पाणसळीत येतं तो फायदा वेगळाच. आट्यांना ग्रीस लावत जा, आणि 24 चा पाना मशीनलाच साखळीने बांधून ठेवा, नाहीतर तो नेमका ट्रॅक्टरखाली सापडतो.

मशीन दिवसातून चारदा हलवायचं असेल तर बोल्ट फिरवायचा कंटाळा येतो आणि माणूस चाकांवरच काम उरकायला लागतो. शंभर किलोच्या आतल्या वस्तूला, म्हणजे कॉम्प्रेसर किंवा ग्राइंडरचं स्टँड, वेगळी युक्ती आहे. चार पाय पक्के ठेवा. मागच्या पायांच्या थोडी बाहेर दोन सरळ चाकं अशी लावा की मशीन उभं असताना ती जमिनीपासून 3 मिलिमीटर वर राहतील. पुढच्या बाजूला लांब दांडा. दांडा उचलला की मागची चाकं टेकतात, पाय सुटतात, आणि वस्तू ओढत न्यायची. सोडली की पुन्हा पायांवर. यात फिरतं चाक नाही, ब्रेक नाही, बिघडायला काही नाही.

चौकट

चार इंची चाक पाटीसकट साडेपाच इंचांच्या आसपास उंच असतं. ते थेट मशीनच्या पायाखाली लावलं तर काम करायची उंची तेवढीच वाढते आणि दिवसभर खांदे वर धरून रंधा मारावा लागतो. म्हणून मशीन खाली टांगलेल्या चौकटीत बसवायचं.

50 बाय 50 बाय 6 चा अँगल घ्या. मीटरला साडेचार किलो वजन भरतं. मशीनच्या बुडापेक्षा प्रत्येक बाजूला 6 मिलिमीटर सैल अशी चौकट कापा, अँगलची एक बाजू आडवी आतल्या अंगाला, तिच्यावर बूड बसेल. आधी फक्त टाके मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच पुढे जा. पूर्ण वेल्ड करताना एक कोपरा झाला की समोरचा घ्या, ओळीने घेतले तर चौकट पिळवटते.

चारही कोपऱ्यांना बाहेरून उभे तुकडे लावून त्यांच्यावर 8 मिलिमीटरच्या प्लेटी बसवा आणि चाकं त्या प्लेटींच्या खाली बोल्टने. प्लेटची उंची अशी काढा की चौकटीचा तळ जमिनीपासून 25 मिलिमीटरवर राहील. मग मशीनची उंची इंच-सव्वा इंचच वाढते, टेकू रुंद होतो आणि वजन खाली राहतं. प्लेटखाली तिरका टेकू हवाच, नाहीतर ती वाकते. फिरत्या चार इंची चाकाला पिनेभोवती 100 मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. नाहीतर ते फिरताना चौकटीला अडकतं आणि हे नेमकं सगळं वेल्ड झाल्यावर कळतं.

चाकाची पाटी कधीही वेल्ड करू नका. छर्र्यांचं ग्रीस जळतं, कडकपणा जातो आणि चाक बदलायचं झालं तर गॅस कटर आणावा लागतो. बोल्ट, स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचा नट. चाकं बसवून चौकट उलटी ठेवा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणा. मध्ये दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले तर चारही चाकं एका पातळीत आहेत. फट असेल तर पाटीखाली पत्री घाला.

मशीन चौकटीत चढवताना शेडाच्या कैचीला चेन पुली अडकवायचा मोह होतो. टिनाचं छत धरायला लावलेली कैची तीन क्विंटल उचलायला नसते. मोटार आधी उतरवून घ्या, वजन बरंच कमी होतं. मग सब्बल आणि लाकडी गुटके: एक बाजू दोन इंच उचला, गुटका सारा, दुसरी बाजू उचला. गुटका सारताना लांब पट्टीने सारा, हात खाली जाऊ देऊ नका. चौकट खाली सरकवली की त्याच क्रमाने उतरवा. मशीनचं बूड चौकटीला दोन तरी बोल्टने बांधा, नुसतं ठेवून चालणार नाही.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ते बसतातच. उंबरठा ओलांडायचा असेल तर पाच सेंटिमीटर उंचीला साठ सेंटिमीटर लांबीचा उतार करा. तिथेही 340 किलोला वर चढवताना अठ्ठावीस किलो जास्तीचा जोर लागतो, तेव्हा दोघं असा आणि उताराच्या खालच्या बाजूला कोणी थांबू नका. सपाट जमिनीवर मशीन ढकला, ओढू नका. ओढलं तर पाय चाकाखाली सापडतो.

वायर

हलणाऱ्या मशीनला भिंतीतल्यासारखी कडक वायर चालत नाही. बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल घ्या, अर्थिंगची तार मशीनच्या अंगाला पक्की बांधा आणि मशीनमध्ये केबल शिरते तिथे पकड लावा म्हणजे ओढ जोडांवर येत नाही. हलवण्याआधी प्लग काढायचा, केबल गुंडाळून मशीनवर ठेवायची. चाकाखाली केबल चिरडली की वरून काही दिसत नाही आणि आत तार तुटलेली असते. थ्री फेजचं मशीन एका सॉकेटमधून काढून दुसऱ्यात लावलं तर मोटार उलटी फिरू शकते. नव्या जागी पट्टा उतरवून एकदा क्षणभर चालू करून दिशा बघा. आऱ्याचं पातं नटाने धरलेलं असेल तर उलट्या फेऱ्यात नट सुटू शकतो.

ज्यांना चाकं नकोत

लांब बेडच्या लेथला चाकं लावू नका. बेड पिळला की टेपर कटिंग व्हायला लागतं, म्हणजे काम एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतं, आणि चौकटीवर उभा केलेला बेड हमखास पिळतो. पॉवर हॅमर, शेपर, मोठी कुट्टी मशीन हीसुद्धा जमिनीत रोवलेलीच बरी. त्यांच्या हादऱ्याने पायाचे बोल्ट रोज ढिले होतील. ही मशीनं हलवायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येते, आणि तेवढ्यासाठी सब्बल आणि दीड इंची जाड पाइपचे चार तुकडे पुरतात. मशीन एका बाजूने उचलून खाली पाइप सारायचे, ढकलत न्यायचं, मागून मोकळा झालेला पाइप पुढे आणून ठेवायचा. वळण घ्यायचं असेल तर पुढच्या पाइपला हातोडीने एका टोकाला ठोकून तिरपा करायचा. हात लावून सरळ करायला जायचं नाही, तीन क्विंटलखाली बोट सापडायला अर्धा फेराही लागत नाही.